बापासमोरचा बाप

वली बुरोंडकर दर मंगळवारी दुपारी मेसईदला जायचा, खताच्या कारखान्याच्या क्वार्टर्ससमोर गाडी उभी करायचा आणि हॉर्न न वाजवता बसून राहायचा. हॉर्न ऐकला असता तर अम्मार चपला हातात घेऊन धावत आला असता, असं ते पोर. पाळी संपवून नुकती कुठे पाठ टेकलेल्या पोराला कशाला पळवायचं, म्हणून वली एसी लावून डोळे मिटून बसायचा. मग अम्मार यायचा, सलाम करायचा, शेजारी बसायचा, आणि थेट दोह्यापर्यंत बापलेक एकमेकांशी चकार शब्द बोलायचे नाहीत. भांडण होतं म्हणून नव्हे हो. त्यांच्यात बोलायची पद्धतच नव्हती.

आणि गंमत बघा, हा वली म्हणजे बोलण्यावर पोट भरणारा माणूस. मंडणगडकडच्या खाडीकाठच्या गावातून मिसरूड फुटायच्या वयात कतारला आला तो मंदूब होऊन बसला. मंदूब म्हणजे कंपनीचे कागद घेऊन सरकारी खिडक्यांपुढे उभा राहणारा आणि कंपनीच्या वतीने बोलणारा गडी. अरबी तो शाळेत नाही, खिडकीत शिकला. हमद पोर्टवर माल अडकला की सेठ म्हणायचा, वलीला पाठवा. सेठ चिडून जे बोलला त्यातलं अर्धं खिडकीतल्या साहेबाला सांगायचं नाही, साहेब चिडून जे बोलला त्यातलं अर्धं सेठला सांगायचं नाही, आणि दोघांना हसतमुखाने घरी पाठवायचं, ही त्याची विद्या. आपल्या कोकणातल्या माणसांचं लायसन, दवाखाना, पोलीस, सगळीकडे वलीभाय पुढे. "तू गप ऱ्हा, मी बोलतो," हे वाक्य त्याने जन्मात किती वेळा उच्चारलं असेल, अल्ला जाणे.

आता मात्र तो दमला होता. सगळं मोबाइलवर आलं, खिडक्या ओस पडल्या, गुडघे बोलायला लागले. सेठने जुना माणूस म्हणून ठेवला होता इतकंच. इथून पुढच्या वर्षी खलास, गावी जायचं, हे ठरलेलं. आणि नेमकं तेव्हाच घरात हे कोर्टाचं उपटलं. घरचं झालं थोडं म्हणतात ना, त्यातली गत.

अम्मार त्याचा एकुलता एक. वली कतारमध्ये कमवत होता तेव्हा तो गावी आजोबांच्या धाकात वाढला. शांत, अदबशीर, कुणी दोन दिल्या तरी मूग गिळून बसणारा. डिप्लोमा करून मेसईदला लागला, वक्राला आईबापांजवळ राहू लागला, आणि अल दुहैलमधल्या एका व्यापाऱ्याची माहिरा सून म्हणून घरात आली. ती मुलगी दोह्यातच जन्मलेली, इंग्लिश शाळेत शिकलेली, बिनधास्त. मराठी समजायची सगळं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. वलीला ती आवडायची. घरात कुणीतरी बोलणारं आलं याचंच त्याला बरं वाटायचं.

मग इनाया झाली आणि माशी तिथे शिंकली. अम्मार पाळीवरून यायचा, हॉलमध्ये बापासमोर बसायचा. आतून पोर टाहो फोडायचं, हा जागचा हलायचा नाही. एकदा माहिराने सगळ्यांसमोर बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं, तर त्याने गरम तवा लागावा तसं ते उचलून आईच्या हातात दिलं. हजरा, म्हणजे वलीची बायको, काही बोलली नाही. वलीला तर त्यात बोलण्यासारखं काही वाटलंच नाही. माहिराला वाटलं. ती वर्षभर बोलली, रडली, भांडली, आणि इनाया चालायला लागायच्या बेतात असताना तिला घेऊन अल दुहैलला बापाकडे निघून गेली. "He is scared of his own baby," एवढंच जाताना म्हणाली. रिकाम्या खोलीत झोपवेना म्हणून अम्मार कंपनीच्या क्वार्टर्समध्ये जाऊन राहिला. मागाहून फॅमिली कोर्टाची तारीख आली.

वलीला वाटलं होतं जज्ज एका झटक्यात निकाल देईल. जज्जाने तसं काही केलं नाही. पोरगी दोन वर्षांच्या आतली आहे, म्हणाला, एवढ्या लहान मुलांच्या आईबापांना आम्ही आधी समुपदेशकाकडे पाठवतो. आईने तिच्या वेळेला यायचं, बापाने त्याच्या वेळेला, तासभर मुलीसोबत बसायचं, शिकायचं. मग ती बाई आम्हाला सांगेल की ही मुलगी दर शुक्रवारी दिवसभर बापाच्या घरी जाऊ शकते का, की बापाने तिला समुपदेशनाच्या खोलीतच भेटत राहायचं. नवराबायकोचं काय, ते नंतर पाहू.

शुक्रवार. सगळं येऊन त्या शुक्रवारावर अडलं होतं. हजराने त्याच दिवशी पाळणा पुसून ठेवला. वलीने तिला दम दिला, "आधीच नको गो नाचूस," आणि स्वतः दुकानात जाऊन दोन फ्रॉक घेऊन आला.

पहिल्या मंगळवारी तो अम्मारबरोबर थेट आत गेला. जायचा काही हुकूम नव्हता, पण सवयीने गेला. ती खोली छान होती, खाली मऊ गालिचा, लाकडी ठोकळे, कापडी उंट, आणि कोपऱ्यात मोठ्या माणसासाठी एकच खुर्ची. समुपदेशक बाई सुदानी होत्या, इंतिसार नावाच्या, उंच, सावळ्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी अम्मारला इंग्लिशमध्ये विचारलं, "How are you feeling today?" अम्मारने तोंड उघडायच्या आत वली अरबीत सुरू झाला. पोरगा चांगला आहे, बाई, नोकरी पक्की आहे, दारू नाही, सिगरेट नाही, नमाजी आहे. तुम्ही विचारा, मी सांगतो.

अम्मारचं इंग्लिश बापापेक्षा फर्मास होतं. पण बाप बोलत असताना मध्ये कसं बोलायचं? तो गप्प राहिला. माहिराची आई इनायाला आणून सोडून बाहेर गेली. पोरगी गालिच्यावर बसली, ठोकळा तोंडात घातला. अम्मार तिच्यापासून हातभर अंतरावर मांडी घालून बसला, हात गुडघ्यांवर, मान खाली. निकाहाच्या वेळी बसला होता, अगदी तसा.

"या हाज," इंतिसारबाई थोड्या वेळाने वलीला म्हणाल्या. अरबीत 'या' म्हणजे अहो, आणि हज केला असो नसो, तिथे पांढऱ्या दाढीला हाजच म्हणतात. "बाहेर चहाची सोय आहे. तुम्ही थकला असाल, निवांत बसून घ्या."

"शुक्रन, शुक्रन," वली भारावून म्हणाला. किती अदबीची बाई! "इथेच आणा. काही हरकत नाही."

चहा आला. आणि वलीभाय त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून तो फुंकून फुंकून प्यायले. खिडक्यांपुढे अख्खा जन्म काढलेल्या माणसाला समोरच्याने "बाहेर जा" म्हटलेलं कळू नये, याला काय म्हणावं! पण म्हाताऱ्याला हात धरून कोण उठवणार? पुढच्या मंगळवारी चहा आपणहून आत आला.

असं चालू राहिलं. अम्मार दर वेळी थोडा पुढे सरकायचा, पोरगी त्याच्याकडे ठोकळा पुढे करायची, तो हात लांबवायचा, आणि कोपऱ्यात वली खाकरला की हात जागच्या जागी परत. वली मुद्दाम खाकरायचा नाही. त्याला खाकरायची सवय होती. तो बसल्या बसल्या इनायाकडे बघायचा आणि मनातल्या मनात तिच्याशी बोलायचा. नाक कुणावर गेलंय, हसते कशी लबाड. तासभर तिला बघायला मिळतंय यातच तो इतका खूश होता की बाकी काही त्याच्या ध्यानात येत नव्हतं. खरं सांगायचं तर आठवडाभर तो त्या तासासाठीच जगत होता.

मग एका मंगळवारी, तास संपल्यावर, इंतिसारबाईंनी दोघांना थांबवून घेतलं. कोर्टात तारीख जवळ आली होती. वली पुढे होऊन बसलेला पाहून त्या त्याच्याशीच अरबीत बोलल्या.

"तुमच्या मुलाला सांगा, या हाज. इतक्या भेटी झाल्या, त्याने मुलीला एकदाही उचलून घेतलेलं नाही. ती पडली तेव्हाही नाही, मीच उचललं. मी जज्जना काय सांगू? असं राहिलं तर मी तिला घरी पाठवा म्हणू शकत नाही."

अम्मारने बापाकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

वलीतला मंदूब बोलला. "बरं चाललंय म्हणतात. जरा अजून लक्ष घाल म्हणतात."

आणि लगेच बाईंकडे वळून, समजावणीच्या सुरात, "बाई, तुमचा गैरसमज होतोय. आमच्यात मोठ्यांसमोर आपलं पोर उचलत नाहीत. बेअदबी समजतात. माझ्या बापासमोर मी याला कधी उचललं नाही. चांगल्या घरातला मुलगा आहे म्हणून नाही उचलत. एकटा असला की उचलेल की!"

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, मस्त सांगितलं आपण. हातोहात काम होणार.

इंतिसारबाईंनी मान हलवली. "आमच्याकडेही माझे आजोबा असेच होते," त्या म्हणाल्या. मग तितक्याच हळू आवाजात विचारलं, "मग या खोलीत तो कुणासमोर बसतो, या हाज?"

जन्मभर कुठल्याही खिडकीपुढून उत्तर दिल्याशिवाय न हटलेला वली "यल्ला, चला, उशीर झाला," असं काहीतरी पुटपुटत उठला.

अम्मारला मेसईदला सोडून तो वक्राला आला तेव्हा हजरा घावणे घालत होती. त्याने हात धुतले, पानावर बसला, आणि घास न तोडता तिला सगळं सांगितलं. बाई काय म्हणाल्या ते, आणि आपण अम्मारला काय सांगितलं तेही.

हजराने तव्यावरचा घावणा तसाच जळू दिला.

"मी ओळखून होतो," ती म्हणाली. कोकणातल्या कित्येक बायका बोलतात तशी ती स्वतःबद्दल 'मी होतो' म्हणायची. "तुम्ही तिथं आत बसता म्हणून सांगितलंत तेव्हाच ओळखलं. पण तुम्हाला सांगणार कोण? उंटावरचे शहाणे तुम्ही!"

"मग तेव्हाच बोलायचं होतंस."

"बोलू? बोललेलं ऐकलंत कधी?" तिचा आवाज चढला. "अम्मार वर्षाचा होत आला तेव्हा तुम्ही रजेवर आलात. मामूजी, तुमचे अब्बा, पडवीत बसलेले. पोरगं तुमच्या पायाशी रांगत आलं, लुंगी धरून उभं राहिलं, तोंड वर करून बघतंय. आणि तुम्ही? पेपर वाचत होतात! पेपर हलत होता तुमचा, मला स्वयंपाकघरातून दिसत होता. एवढा कसला हो अदब, ज्यात आपलंच लेकरू परकं होतंय? मामूजी गेले. खुदा त्यांना जन्नत देवो. पण आता त्यांच्या जागेवर तुम्ही बसलायत, आणि पेपर अम्मार धरून बसलाय."

वलीला ते आठवत होतं. लुंगीला बसलेला तो हिसका, आणि पडवीतून आलेला बापाचा खाकरण्याचा आवाज. त्याला तेव्हा वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटतंय हे कुणाला दिसू नये म्हणून त्याने पेपर आणखी वर धरला होता. मग रजा संपली. पुढच्या रजेला पोर उचलण्याच्या वयाचं राहिलंच नव्हतं. त्याने कधीच, एकदाही त्याला छातीशी धरलं नव्हतं. हे त्याने आजवर स्वतःला असं सरळ कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं आणि त्याला पानावरून उठवेना.

"मी आत नाही गेलो तर," तो शेवटी म्हणाला, "मला ती दिसायची नाही गो. तेवढा एकच तास असतो."

हजराचा राग उतरला. ती त्याच्याजवळ येऊन बसली. "ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण तास त्याचा आहे."

पुढच्या मंगळवारी मेसईदहून येताना गाडीत वलीने तोंड उघडलं. रस्त्यावर धूळ उडत होती, समोरचा ट्रक दिसत नव्हता, त्यामुळे पोराकडे न बघता बोलायची सोय झाली.

"त्या दिवशी बाई म्हणाल्या ते मी तुला खोटं सांगितलं."

अम्मारने त्याच्याकडे मान वळवली.

"त्या म्हणाल्या, तू पोरीला उचलत नाहीस. असंच राहिलं तर शुक्रवार मिळायचा नाही." वलीने घसा खाकरला आणि खाकरल्याचा त्याला स्वतःलाच राग आला. "चूक तुझी नाही. मी आज आत येणार नाही. तुझं इंग्लिश चांगलं आहे, तूच बोल."

"मला कळलं होतं, अब्बा," अम्मार म्हणाला. "एवढं अरबी कळतं मला."

"मग बोलला का नाहीस, रे?"

विचारल्यावर वलीलाच कळलं की हा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता.

दारापाशी इंतिसारबाई उभ्या होत्या. वली त्यांना म्हणाला, "मी बाहेर बसतो. चहा बाहेरच द्या." त्या फक्त हसल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. दाराला काच नव्हती. बाहेरच्या बाकावर वली बसला. आतून काही ऐकू येतंय का म्हणून त्याने कान दिले, पण ती खोली आवाज बाहेर येऊ न देणारी होती. चहा आला, तो त्याला कडू लागला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला माहिराची आई बसली होती, तिच्याशी बोलायचीही चोरी. म्हाताऱ्याला तो तास संपता संपेना. बरोबर केलं हे त्याला पटत होतं, आणि तरी उठून दार ढकलावं असं सारखं वाटत होतं.

अम्मार बाहेर आला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खांद्यावर बिस्किटाचा ओला चिखल होता. वलीने तो पाहिला आणि पुसायला रुमाल काढला, पण मग पुसला नाही. गाडीत वक्राचा फाटा मागे पडला तेव्हा अम्मार आपणहून म्हणाला, "तिने माझा चष्मा काढून घेतला. देईचना." आणि खिडकीबाहेर बघत हसला. एवढंच. वलीने मान डोलावली. त्याला आणखी पुष्कळ विचारायचं होतं, बोलते का, चालते का, तुला काय म्हणते. त्याने विचारलं नाही.

त्यानंतर वली दर वेळी बाकावरच बसला. माहिराची आई इनायाला मागच्या दारानेच आणायची आणि मागच्या दारानेच न्यायची, त्यामुळे येताजाताही ती दिसायची नाही. तारखेच्या दिवशी इंतिसारबाईंनी जज्जाला सांगितलं आणि जज्जाने शुक्रवार दिला. माहिरा तिथे होती. ती रडली नाही, भांडली नाही, वलीकडे वळून मराठीत म्हणाली, "तिला दुपारी झोप लागते. उचलून फिरवावं लागतं." नवराबायकोचं पुढे काय होणार होतं ते तिलाही माहीत नव्हतं, अम्मारलाही नव्हतं.

पहिला शुक्रवार आला. अम्मार सकाळीच अल दुहैलला गेला इनायाला आणायला. हजराने घरभर चटया अंथरल्या. वलीने आंघोळ केली, अत्तर लावलं, टोपी घातली आणि नमाजाला निघाला.

"नमाज झाला की लगेच या," हजरा म्हणाली. "बिर्याणी गरम खा."

नमाज झाला, आणि वली घरी आला नाही. वक्राच्या समुद्राकाठी होड्या लागतात तिथे त्याने गाडी लावली आणि बसून राहिला. आपण हॉलमध्ये बसलो तर अम्मार पोर खाली ठेवणार, हे त्याला आता पुरतं ठाऊक होतं. कोर्टाच्या त्या खोलीला दार होतं, बाहेर बाक होता. घरात बाक कुठे टाकणार? फोन वाजला, हजरा. जेवायला या. येतो, म्हणाला, आणि गेला नाही. पुन्हा वाजला. भूक नाही, म्हणाला. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि पोटात कावळे ओरडत होते. ऊन कलायला लागलं तेव्हा तिसऱ्यांदा फोन आला आणि हजरा कडाडली, "नातीला परत न्यायची वेळ झाली! मुकाट घरी या, नाहीतर मी येतो तिकडे!"

म्हणून तो आला. दबकत जिना चढला, चोरासारखं स्वतःच्याच घराचं दार उघडलं.

अम्मार हॉलच्या मधोमध उभा होता. इनाया त्याच्या खांद्यावर, नुकती झोपेतून उठलेली, केस घामाने चिकटलेले, एक मूठ त्याच्या कॉलरमध्ये. अम्मारने दारात बापाला पाहिलं आणि त्याचे गुडघे आपोआप वाकायला लागले, पोरगी खाली चटईवर ठेवायला.

"खाली ठेवू नको!" वली एवढ्याने ओरडला की आतून हजरा धावत आली. "खबरदार! खाली ठेवलंस तर बघ!"

अम्मार अर्धवट वाकलेला तसाच थांबला. इनायाने दारातल्या त्या ओरडणाऱ्या पांढऱ्या दाढीकडे पाहिलं. तिचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि तिने असं भोकाड पसरलं की शेजारचं दार उघडलं. तिने दोन्ही हात अम्मारच्या मानेला घट्ट आवळले आणि तोंड त्याच्या गळ्यात लपवलं. अम्मार सरळ उभा राहिला. त्याचा हात तिच्या पाठीवर गेला आणि बापासमोर, पहिल्यांदाच, तो तिला थोपटायला लागला.

"तुम्हाला घाबरली, अब्बा," तो ओशाळून म्हणाला. "विसरली ना तुम्हाला. जरा थांबा, देतो तुमच्याकडे."

"नको, घाबरू दे," वली म्हणाला. तो अजून दारातच उभा होता, चपलाही काढल्या नव्हत्या. "तुझ्याकडेच आली ना?"